मोजलेली माणसं

शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असताना मला एक खोड होती. तास संपायला पाच मिनिटं उरली की फळ्यावर दोन अगदी न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी लिहायच्या आणि विचारायचं, "सांगा पाहू, यांचा एकमेकांशी संबंध काय?" पोरं डोकं खाजवायची, एकेक भन्नाट उत्तरं द्यायची. निवृत्तीनंतर फळा गेला, खोड मात्र राहिली. आजची जोडी आहे काँगो आणि पिटकेर्न.

काँगो म्हणजे आफ्रिकेच्या पोटातला तो प्रचंड देश, ज्याची राजधानी किन्शासा. (काँगो नावाचे देश दोन आहेत. मी मोठ्याबद्दल बोलतोय.) क्षेत्रफळ तेवीस लाख चौरस किलोमीटरच्या वर. आपल्यासारखे साडेसात महाराष्ट्र आत सहज मावतील. पिटकेर्न हे प्रशांत महासागरातलं एक ठिपक्याएवढं बेट. ब्रिटनच्या ताब्यात आहे. त्या सागरातला ब्रिटनचा हा शेवटचा प्रदेश. जवळची तीन निर्जन बेटं धरली तर ४७ चौरस किलोमीटर, पण माणसं राहतात ते बेट पाच चौरस किलोमीटरचंही नाही. म्हणजे आपल्या माथेरानपेक्षा लहान! विमानतळ नाही. जहाजाने जायचं आणि शेवटचा टप्पा होडीतून, लाटा झेलत. वस्ती चाळीस-पन्नास माणसांची.

आता या दोघांचा संबंध काय? तर एक फळ. आणि आपल्या कोकणातल्या, गोव्यातल्या लोकांना ते चांगलं ठाऊक आहे. नीरफणस! तव्यावर खरपूस परतलेली नीरफणसाची कापं ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना मी काय सांगणार?

झालं असं, की अठराव्या शतकाच्या शेवटी वेस्ट इंडीजमधल्या इंग्रज ऊसमळेवाल्यांना स्वस्त अन्न हवं होतं. स्वतःसाठी नव्हे, गुलामांसाठी. ताहिती बेटावर नीरफणस भरपूर पिकतो, एक झाड लावलं की वर्षानुवर्षं फळं देतं, असं कॅप्टन कुकबरोबर गेलेल्यांनी सांगितलं होतं. मग १७८७ साली विल्यम ब्लाय याच्या हाताखाली 'बाउंटी' नावाचं जहाज रोपं आणायला निघालं.

आणि हे गुलाम कुठले? आफ्रिकेचे. अटलांटिकपार नेलेल्या सव्वा कोटी माणसांपैकी फार मोठा हिस्सा काँगो नदीच्या मुखापासून खाली अंगोलापर्यंतच्या किनाऱ्यावरून गेला. तिथे पूर्वी कोंगो नावाचं एक जुनं राज्य होतं. त्याचा राजा अफोन्सो याने १५२६ सालीच पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहून तक्रार केली होती की तुमचे व्यापारी माझी माणसं पळवतात, देश ओस पडतो आहे. पत्रं आजही वाचायला मिळतात. उपयोग मात्र काडीचा झाला नाही.

तर एका टोकाला काँगोकडची पळवलेली माणसं आणि दुसऱ्या टोकाला त्यांना जगवण्यासाठी निघालेलं फळ. पिटकेर्नची गोष्ट या दोहोंच्या मध्ये जन्माला आली.

बाउंटी ताहितीला पाच महिने थांबली. १,०१५ रोपं कुंड्यांत लावून जहाजावर चढवली गेली. हा आकडा बघा. एक हजार पंधरा! रोपं एकेक करून मोजलेली आहेत. परतीच्या वाटेवर २८ एप्रिल १७८९ रोजी फ्लेचर ख्रिश्चन या अधिकाऱ्याने बंड केलं. ब्लायला अठरा जणांसह उघड्या होडीत बसवून सोडून दिलं, आणि ती मोजलेली रोपं समुद्रात फेकली. ब्लाय पठ्ठ्या हजारो मैल होडी हाकत तिमोरला जिवंत पोचला, आणि पुढे दुसऱ्या सफरीत १७९३ साली त्याने नीरफणस जमैकाला नेलाच. आजही जमैकात तो भाजून आवडीने खातात.

बंडखोरांना मात्र लपायला जागा हवी होती. पिटकेर्न हे बेट १७६७ साली एका इंग्रज जहाजाने पाहिलं होतं, पण नकाशावर ते तीनशेहून अधिक किलोमीटर चुकीच्या जागी दाखवलं होतं. लपणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? जानेवारी १७९० मध्ये नऊ बंडखोर, ताहिती आणि आसपासच्या बेटांवरचे सहा पुरुष, डझनभर स्त्रिया आणि एक तान्ही मुलगी एवढी माणसं तिथे उतरली. माग राहू नये म्हणून जहाज जाळून टाकलं.

मग जे झालं ते फार वाईट होतं. गोऱ्यांनी जमीन आपसांत वाटून घेतली, ताहितीच्या पुरुषांना नोकरासारखं वागवलं, स्त्रियाही वाटून घेतल्या. त्यातून भांडणं, त्यातून खून. ख्रिश्चन १७९३ साली मारला गेला आणि ताहितीकडच्या सहा पुरुषांपैकी एकही वाचला नाही. १८०८ साली एक अमेरिकन जहाज अचानक तिथे थडकलं तेव्हा जॉन ॲडम्स हा एकच बंडखोर जिवंत होता. बाकी सगळ्या बायका आणि मुलं.

आज पिटकेर्नवर जन्मलेल्या माणसाची वंशावळ थेट त्या जहाजापर्यंत लावता येते. कोण कुणाचा नातू, कुणाचं लग्न कुणाशी, सगळं नोंदलेलं. जॉन ॲडम्सची कबर दगडासकट जपून ठेवलेली आहे. १८३८ साली एका इंग्रज कप्तानाने त्यांना कायदे लिहून दिले. त्यात स्त्रियांना मताचा हक्क होता आणि मुलांना शाळा सक्तीची होती. खुद्द इंग्लंडमध्ये शाळा सक्तीची झाली १८८० साली आणि स्त्रियांना मत मिळालं १९१८ साली, तेही सगळ्यांना नाही! मास्तर म्हणून हे वाचताना मला कौतुक वाटल्याशिवाय राहिलं नाही.

आता काँगोकडे वळू. १८८५ साली बेल्जियमच्या राजाने, दुसऱ्या लिओपोल्डने, हा आख्खा मुलूख स्वतःच्या खाजगी मालकीचा करून घेतला. बेल्जियम देशाचा नव्हे, राजाचा! बेल्जियमच्या पंचाहत्तरपट मुलूख, आणि राजाने तिथे आयुष्यात एकदाही पाऊल टाकलं नाही. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला आणि जगाला रबराचं वेड लागलं. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला रबराचा वाटा ठरवून दिला. पुरुष जंगलातून तेवढं रबर आणेपर्यंत बायका ओलीस. वाटा भरला नाही तर गोळी.

आणि इथेही मोजदाद होती, बरं का. रबराचं वजन किलोकिलोने लिहिलेलं. शिपायाला दिलेली काडतुसं मोजलेली. एकेका काडतुसाचा हिशेब द्यायचा, आणि तो पुरावा म्हणून मेलेल्या माणसाचा उजवा हात आणून द्यायचा. शिपायाने काडतूस शिकारीत खर्च केलं असेल तर तो जिवंत माणसाचा हात कापून हिशेब पुरा करी. अशा साक्षी नोंदवलेल्या आहेत. काडतुसं मोजली, रबर मोजलं, हातसुद्धा मोजले. माणसं तेवढी कुणी मोजली नाहीत. त्या राजवटीत किती माणसं मेली याचा आकडा म्हणूनच कुणापाशी नाही. काही इतिहासकार लोकसंख्या एक कोटीने घटली म्हणतात, काही त्याहून कमी सांगतात. १९०८ साली मुलूख बेल्जियम सरकारकडे गेला, तेव्हा लिओपोल्डने आपली कागदपत्रं भट्टीत घालून जाळली.

पण एक गंमत बघा. हे पाप उघडकीला आणण्यात मोठा वाटा होता एका कारकुनाचा. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत नोकरीला. काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरलेली, आणि जाताना त्यांत बंदुका आणि दारूगोळा. विकायचा माल जवळजवळ नाहीच. त्याने ताळा केला. इतकं येतं आणि बदल्यात काहीच जात नाही, म्हणजे माणसांना पैसे मिळत नाहीत, म्हणजे ही वेठ आहे! घरी बसून, नुसत्या आकड्यांवरून. गणिताचे मास्तर असते तर त्यांनी त्याची पाठ थोपटली असती.

दुसरी गोष्ट एका छायाचित्राची. १९०४ साली ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी न्साला नावाच्या माणसाचा फोटो काढला. तो ओट्यावर बसलाय आणि समोर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा कापलेला हात आणि पाऊल आहे. मुलीचं नाव बोआली. लाखो मेले त्यांतलं हे एक नाव आपल्यापर्यंत पोचलं, आणि त्या एका नावाने युरोपला जेवढं हलवलं तेवढं आकड्यांनीही नाही.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. त्या समारंभात, बेल्जियमच्या राजासमोर, पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबांनी भाषण केलं. आपल्या लोकांनी काय काय सोसलं ते सांगताना त्यांनी एक अपमान असा सांगितला की काळ्या माणसाला नेहमी 'तू' म्हणत, 'आपण' फक्त गोऱ्यांसाठी राखलेलं असे. इंग्रजीत हे दुःख नीटसं कळत नाही, मराठी माणसाला मात्र फोड करून सांगावं लागत नाही. अरे-तुरे कुणाला करायचं आणि अहो-जाहो कुणाला, हे आपल्यालाही चांगलंच ठाऊक आहे.

त्या दिवशी काँगोत पदवीधर किती होते? तीससुद्धा नव्हते. पिटकेर्नला १८३८ मध्ये सक्तीची शाळा, आणि एवढ्या देशाला १९६० मध्ये बोटांवर मोजण्याइतके पदवीधर. लुमुंबांना १७ जानेवारी १९६१ रोजी ठार मारलं. प्रेत आम्लात विरघळवलं. उरला तो सोन्याने मढवलेला एक दात, बेल्जियमच्या एका पोलीस अधिकाऱ्याने नेलेला. तो २०२२ साली कुटुंबाला परत मिळाला. बंडखोर ॲडम्सला कबर आहे, आणि एका राष्ट्राच्या पहिल्या पंतप्रधानाचा एक दात.

काँगोची शेवटची जनगणना १९८४ साली झाली. पुढची वर्षानुवर्षं लांबत गेली. आज तिथे दहा कोटींहून अधिक लोक आहेत म्हणतात, पण तो अंदाज.

जनगणनेचं काम आमच्यासारख्या मास्तरांच्याच गळ्यात पडतं. १९८१ आणि १९९१ दोन्ही मी केल्या. बेघरांची मोजणी एका रात्रीत करायची असते. स्टेशनाबाहेर पालावर राहणारी एक म्हातारी मला म्हणाली, "आमालाबी लिवताय व्हय?" म्हटलं, हो आजी, तुम्हालाही. तर तिने केस सारखे केले, पदर डोक्यावर घेतला आणि मग नाव सांगितलं. फोटो काढायचा असल्यासारखं! कागदावर येणं म्हणजे काय हे मला त्या रात्री कळलं.

म्हणजे पिटकेर्नचं भलं झालं आणि काँगोचं वाईट, असा सरळ हिशेब आहे का? नाही. बेटाच्या वहीतही कोरी पानं आहेत. बंडखोरांनी त्या ताहितीच्या बायकांना आपल्या सोयीची इंग्रजी नावं ठेवली. ख्रिश्चनची बायको मउआतुआ, तिची झाली इझाबेला. (लग्नात नाव बदलणाऱ्या आपण त्यांना काय हसायचं?) तेहुतेअतुआओनोआ नावाची एक बाई, जिला ते जेनी म्हणत, १८१७ साली बेट सोडून ताहितीला परतली आणि तिने सगळी हकिकत सांगितली. ती छापलीही गेली. पण बाउंटीवर जे सिनेमे निघाले त्यांत जेनी कुठे आहे?

आणि २००४ साली तर कहर झाला. बेटावरच्या सात पुरुषांवर लहान मुलींच्या लैंगिक अत्याचाराचे खटले चालले आणि सहा जण दोषी ठरले. हे कित्येक वर्षं चालू होतं. पन्नास माणसांच्या वस्तीत, जिथे प्रत्येकाचं नाव प्रत्येकाला पाठ! वहीत नाव असणं आणि त्या नावाचं कुणी ऐकून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काँगोत माणसं मोजली गेली नाहीत म्हणून त्यांचं दुःख दिसलं नाही, आणि पिटकेर्नवर मोजलेल्या मुलींचंही दिसलं नाही. लिहिणारा कोण आणि त्याला काय बघायचं आहे, यावर सगळं.

हे लिहिताना आपला कुलवृत्तांत काढून पाहिला. पाच पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत. कोण कुठल्या गावी गेला, कुणाची नोकरी काय, सगळं. माझ्या पणजीच्या जागी मात्र नुसती रेघ आहे. तिला सगळे 'बाय' म्हणत. अकरा बाळंतपणं झाली होती तिची, एवढंच माझी आजी सांगत असे. माहेरचं नाव काय, सासरचं काय, घरात आता कुणालाच आठवत नाही.

आपल्या नातेवाईकांपैकी कुणाकडे जुनी पत्रिका, देव्हाऱ्यातली वही, काही असेल तर कृपा करून बघा, आणि नाव सापडलं तर मला कळवा. त्या रेघेवर लिहायचं आहे.