ज्यांचे घर, त्यांचाच संप : को-ऑप सिटी, १९७५

१/ जून १९७५. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागातील हजारो कुटुंबांनी घराचा मासिक आकार भरणे थांबवले. हा भाडेसंप १३ महिने चालला. वैशिष्ट्य असे की ज्या कंपनीविरुद्ध तो पुकारला गेला, तिचे भागधारक हे संपकरी रहिवासीच होते. मालकच आपल्या कंपनीविरुद्ध संपावर का गेले, याची ही कथा.

२/ या कथेची मुळे कामगार चळवळीत आहेत. एब्रहॅम कझान या कार्यकर्त्याच्या पुढाकाराने १९२७ साली वस्त्रोद्योग कामगारांच्या संघटनेने ब्रॉन्क्समध्ये सहकारी वसाहत उभारली. पुढे १९५१ साली संघटनांनी मिळून ‘युनायटेड हाउसिंग फाउंडेशन’ स्थापन केले. घर राहण्यासाठी असावे, नफ्यासाठी नव्हे, हे त्याचे मूळ सूत्र होते.

३/ राज्य सरकारची साथ मिळाली ती १९५५ च्या मिचेल-लामा कायद्याने. मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे बांधणाऱ्यांना दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज आणि करसवलत द्यायची. त्या बदल्यात घरांच्या आकारावर आणि नफ्यावर सरकारचे नियंत्रण राहील, असा हा व्यवहार होता.

४/ याच कायद्याखाली ‘को-ऑप सिटी’ उभी राहिली. ‘फ्रीडमलँड’ हे करमणूक उद्यान १९६४ साली बंद पडले आणि त्या दलदलीच्या जागेवर ३५ उत्तुंग इमारती बांधल्या गेल्या. घरे एकूण १५,३७२. पहिली कुटुंबे १९६८ च्या डिसेंबरात राहायला आली.

५/ घर मिळण्याची रीत अशी : ‘रिव्हरबे’ ही कंपनी साऱ्या वसाहतीची मालक. रहिवाशाने तिचे भाग घ्यायचे. एक भाग २५ डॉलरचा, प्रत्येक खोलीमागे १८ भाग. म्हणजे चार खोल्यांचे घर १,८०० डॉलरमध्ये. घर सोडताना भाग कंपनीलाच मूळ किमतीने देऊ करायचे. पुढच्या कुटुंबालाही घर परवडावे, याची तजवीज या एका अटीत होती.

६/ मुंबई-पुण्याच्या वाचकाने येथे एक भेद ध्यानी घ्यावा. आपल्याकडील सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर भागाची दर्शनी किंमत पन्नास रुपये असली, तरी सदनिका विकली जाते ती बाजारभावाने. को-ऑप सिटीत तो बाजारच निषिद्ध होता. ‘सहकारी’ हा शब्द एक असला, तरी व्यवस्था दोन निराळ्या होत्या.

७/ भागाची किंमत स्थिर राहिली. मासिक आकार मात्र राहिला नाही. १९६५ च्या माहितीपत्रकात दर खोलीमागे सरासरी २३.०२ डॉलर मासिक आकार सांगितला होता. बांधकाम महागले आणि कर्ज अंदाजापेक्षा साडेबारा कोटी डॉलरनी वाढले. जुलै १९७४ पर्यंत आकार ३९.६८ डॉलरवर पोहोचला. हा बोजा भागधारक म्हणून रहिवाशांनीच उचलायचा होता. संचालक मंडळावर मात्र वर्चस्व होते फाउंडेशनचे.

८/ १९७२ साली ५७ रहिवासी न्यायालयात गेले. आम्हाला भाग विकताना खर्चाबाबत दिशाभूल झाली, तेव्हा रोखे-व्यवहारातील फसवणुकीविरुद्धचे केंद्रीय कायदे येथे लागू करावेत, असा त्यांचा दावा होता. नुकसानभरपाईची मागणी तीन कोटी डॉलरहून अधिक होती.

९/ १६ जून १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दावा फेटाळला. न्यायालयाच्या मते हे भाग नावापुरते ‘भाग’ होते. लोकांनी पैसे भरले ते निवाऱ्यासाठी, नफ्यासाठी नव्हे. ज्या तत्त्वामुळे घरे स्वस्त राहिली, त्याच तत्त्वामुळे गुंतवणूकदाराचे कायदेशीर संरक्षण रहिवाशांना नाकारले गेले. मूळ प्रश्न मागे उरलाच : मग या माणसांचे हक्क नेमके कोणते?

१०/ त्याच महिन्यात आकारात आणखी वाढ लादली गेली आणि भाडेसंप सुरू झाला. नेतृत्व चार्ल्स रोझेन या छपाई कामगाराकडे होते. सुमारे ८० टक्के कुटुंबे संपात उतरली. दर महिन्याचे चेक लिहिले जात, पण ते रिव्हरबेऐवजी संप समितीकडे जमा होत. न्यायालयाच्या हाती लागू नयेत म्हणून समितीने ते न वटवता दडवून ठेवले. नेत्यांना दंड झाले, जप्तीच्या धमक्या आल्या. संप मोडला नाही.

११/ सरकारचा हात दगडाखाली होता. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. वसाहतीचे कर्ज राज्याच्या गृहवित्त संस्थेने रोखे विकून उभारले होते. हप्ते थकले तर संस्थेची पत जाणार. आणि जप्ती केली, तरी पन्नास हजारांच्या आसपास माणसांना घराबाहेर काढणार कसे?

१२/ अखेर १९७६ च्या उन्हाळ्यात राज्याचे सचिव मारियो कुओमो यांच्या मध्यस्थीने समझोता झाला. रहिवाशांनी दडवलेले चेक स्वाधीन केले. बदल्यात रिव्हरबेचा कारभार त्यांच्या हाती आला.

१३/ विजय गोड होता, पण कर्ज तेवढेच होते. संपातून निवडून आलेल्या मंडळालाही पुढे आकार वाढवावाच लागला. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, की हिशेब आता घरातल्याच माणसांपुढे मांडला जात होता. फाउंडेशनने मात्र त्यानंतर एकही नवी वसाहत उभारली नाही.

१४/ पुढचा धोका आतून आला. मिचेल-लामा कायद्यात ठरावीक मुदतीनंतर, बहुतेक वसाहतींबाबत वीस वर्षांनी, योजनेतून बाहेर पडण्याची मुभा आहे. बाहेर पडले की घर बाजारभावाने विकता येते. आजच्या रहिवाशाला घबाड लाभते आणि उद्याच्या रहिवाशासाठी दार बंद होते. अनेक वसाहती अशा बाहेर पडल्या. २०२१ साली राज्याने सहकारी वसाहतींना बाहेर पडण्यासाठी लागणारी मतांची अट दोन तृतीयांशांवरून ८० टक्क्यांवर नेली.

१५/ मॅनहॅटनमधील पेन साउथ ही १९६२ ची वसाहत वेगळ्या योजनेतील. पण तिच्या सभासदांनीही मर्यादित किमतीची अट कायम ठेवण्याच्या बाजूने वारंवार कौल दिला. को-ऑप सिटी आजही मिचेल-लामा योजनेतच आहे. १९७५ चा लढा आकार कोण ठरवणार, यासाठी होता. तो अधिकार ज्यांना मिळाला, त्यांच्याच मतावर आता पुढच्या पिढीचे घर अवलंबून आहे.