प्रसंगरचनेचे अनुकरण : चिरागनगरच्या कथाकाराचे उदाहरण

थोर लेखकाच्या कथेतील एखादा प्रसंग समोर ठेवून आपला प्रसंग रचावा व अशा अभ्यासाने कथालेखन शिकावे, ही रीत जुनी आहे. तथापि ‘अनुकरण’ या शब्दात आपल्याकडे दूषणाचाच ध्वनी अधिक उमटतो. या दूषणात तथ्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. हे उदाहरण घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीत राहिलेल्या अण्णाभाऊ साठे (1920–1969) यांचे होय.

प्राचीन साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार अधिक सूक्ष्मपणे केला होता. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात दोन कृतींमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सजीव देहांमधील साम्यासारखे. पहिले दोन त्याज्य. तिसरे मात्र त्याज्य नव्हे. दोन माणसांचे चेहरे सारखे असले तरी प्रत्येकाचा प्राण निराळा असतो, हे त्यामागील मर्म होय.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात पहिल्या दोन प्रकारांची उदाहरणे विपुल आढळतात. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ (1885) ही कादंबरी रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार घेऊन सिद्ध झाली. परंतु याच लेखकाने पुढे ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्ये पुण्यातील घरांमधले दुःख स्वतःच्या दृष्टीने मांडले. म्हणजे उसनवारी हा त्यांच्या वाटचालीचा शेवट नव्हता, तो उमेदवारीचा काळ होता. पुढे ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (1931) लिहून ललितलेखनाचे तंत्र अभ्यासाने हस्तगत करता येते, हा विचार रुजविला. ज्यास महाविद्यालयाचे दार कधी दिसले नाही, त्याने हा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न मात्र तेथे उपस्थित झाला नाही.

अण्णाभाऊंचा जन्म वाटेगावचा. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाहीच. अक्षरओळख वाढली ती मुंबईत, गिरणी व कामगार चळवळ यांच्या सहवासात. मॅक्झिम गॉर्की हा त्यांच्या आवडीचा लेखक. पुढे त्यांना ‘महाराष्ट्राचा गॉर्की’ म्हणण्याचा प्रघात पडला. या बिरुदात गौरव आहे, तसाच एक अन्यायही आहे : श्रेयाचा मोठा वाटा त्यामुळे परक्याच्या पदरी जातो.

गॉर्की स्वतःही असाच शिकला होता. आपण लेखन कसे शिकलो, हे सांगणाऱ्या 1928 सालच्या निबंधात तो फ्लोबेरच्या एका कथेची आठवण सांगतो. एका मोलकरणीचे साधे जीवन साध्याच शब्दांत सांगणाऱ्या त्या कथेने आपणास का हलवावे, हे न उमगून त्याने पुस्तकाची पाने उजेडासमोर धरून पाहिली. जणू ओळींच्या मध्ये काही गुपित दडलेले असावे! अनुकरणाचा आरंभ या कुतूहलात असतो.

आता दोन कथा शेजारी ठेवून पाहू. गॉर्कीच्या ‘चेल्काश’ (1895) मध्ये बंदरातील एक चोर एका गरजू खेडुतास सोबत घेऊन रात्री चोरी करतो. पण कथेचा आरंभ चोरीने होत नाही. आधी दिवसाचे बंदर येते, त्याचा गोंगाट, आणि त्या राबणुकीत खुजी झालेली माणसे येतात. अण्णाभाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत भीमा कामाच्या शोधात मुंबईत येतो. उपनगरातील दगडखाण त्यास पोसते, आणि ती बंद पडताच तो चितेच्या राखेत सोने शोधू लागतो. दोन्हीकडे श्रम आधी व गुन्हा नंतर. म्हणून वाचक न्यायाधीश होण्यापूर्वी साक्षीदार होतो. ही रचना शिकण्याजोगी आहे.

एवढ्या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. उलट भेदच अधिक बोलका आहे. गॉर्कीच्या कथेतील संघर्ष दोन माणसांमधला, लुटीच्या पैशावरून पेटलेला आहे. भीमाच्या वाट्यास माणूस प्रतिस्पर्धी म्हणून येतच नाही. तो प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो आणि प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. बोटे गमावल्यावर बातमी येते ती खाण पुन्हा सुरू झाल्याची. ज्या हातांनी दगड फोडावयाचा, तेच हात आता अधू झाले आहेत. हा शेवट कोणत्याही परक्या पुस्तकातून येणारा नव्हे. कामावर पोट असलेल्या वस्तीतच तो सुचू शकतो. जे जगलो व पाहिले तेच लिहितो, ही अण्णाभाऊंची भूमिका येथे सार्थ ठरते.

आनंदवर्धनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे साम्य देहाचे आहे, प्राणाचे नव्हे. नवोदित लेखकाने आदर्श कथेतून घ्यावयाचे ते घटनांचा क्रम, वाचकास उभे करण्याची जागा आणि काय सांगू नये याचा विवेक. घटना मात्र आपल्याच परिसरातून आणाव्या लागतात. आणि अभ्यासकानेही ‘प्रभाव’ हा शब्द योजताना, काय घेतले एवढेच न विचारता, घेतलेल्या साच्यात कोणाचे जीवन ओतले, हे विचारले पाहिजे. तसे विचारले, तर चिरागनगरच्या या लेखकाची ओळख करून देण्यास परक्या नावाची गरज उरणार नाही.