जुन्नरचा नागरक आणि त्याचा सायंकालीन वेष

नाणेघाटाच्या माथ्याशी असलेल्या सातवाहनकालीन लेण्यात एके काळी राजकुलातील स्त्रीपुरुषांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, देवी नागनिका व श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन ही नावे मागील भिंतीवर वाचली गेली आहेत. प्रतिमांपैकी मात्र पायांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. जुन्नर परिसरातील प्राचीन पुरुषवेषाचा शोध घेऊ पाहणाऱ्याची अडचण यावरून ध्यानी यावी. नावे आहेत, व्यवसाय आहेत, दानेही आहेत. देह आणि त्यावरील वस्त्र तेवढे नाहीसे झाले आहे.

तथापि या परिसरात सुवेषधारी, संध्याकाळी घराबाहेर पडून मित्रमंडळीत रमणारा नगरवासी पुरुष नांदत होता काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. वात्स्यायनाने कामसूत्रात वर्णिलेला 'नागरक' हा पुष्कळदा एक वाङ्मयीन साचा म्हणून बाजूस सारला जातो, किंवा उलटपक्षी, प्राचीन भारतातील प्रत्येक नगरात तो होताच असे गृहीत धरले जाते. या दोन्ही भूमिका आळसाच्या आहेत. कोणत्या नगरात, कोणत्या द्रव्याच्या बळावर आणि कोणाच्या हातून त्याचा वेष सिद्ध होत असे, हे पाहिल्यावाचून नागरकाला इतिहासात जागा देता येत नाही. त्या दृष्टीने जुन्नर हे परीक्षेचे चांगले स्थळ होय.

प्रथम ग्रंथाची साक्ष पाहू. कामसूत्र सामान्यतः इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. जुन्नरची बहुतेक लेणी त्यापूर्वीची, म्हणून ही साक्ष सावधपणे घ्यावयास हवी. मात्र ग्रंथात कुंतल सातकर्णी सातवाहनाचा उल्लेख येतो, तेव्हा दख्खनचे हे राजकुल ग्रंथकाराच्या स्मृतीत होते एवढे निश्चित. त्याचा नागरक सकाळी दंतधावन झाल्यावर बेताची उटी लावतो, धूप घेतो, माळ घालतो, ओठांना अळिता व मेण लावतो, आरशात मुख पाहतो आणि मुखवास व तांबूल घेऊन कामास लागतो. स्नान नित्य, अंगमर्दन एक दिवसाआड, फेनकाने अंग धुणे दर तिसऱ्या दिवशी, श्मश्रू दर चौथ्या दिवशी असा त्याचा क्रम. दुपारच्या निद्रेनंतर, अपराह्णी, तो पुन्हा प्रसाधन करून गोष्ठीस जातो. प्रदोषकाळी संगीत असते. त्यानंतर धूपाने सुगंधित केलेल्या शयनगृहात तो प्रियेची वाट पाहतो, आणि पावसाने तिचा शृंगार विसकटला असेल तर तो स्वतः पुन्हा नीट करून देतो. शेजेजवळ उटी, माळा, मेणाची डबी, सुगंधी द्रव्याची पुडी, महाळुंगाची साल व विडे ठेवलेले, खाली पिकदाणी, खुंटीवर वीणा अशी त्या खोलीची मांडणी आहे.

या यादीत एक गोष्ट नजरेत भरते. नागरकाच्या दिनचर्येत वस्त्राला जवळजवळ स्थान नाही. गंध, रंग, फूल आणि पान यांवरच सारा भर आहे. पागोटे तर येतच नाही. याउलट सह्याद्रीतील शिल्पे पाहावीत. भाजे येथील विहारातील उत्थित शिल्पांत आणि कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील दंपतींत पुरुषाचे लक्षण म्हणजे त्याचे पागोटे. वस्त्राचे वेढे देऊन कपाळावर किंवा बाजूस मोठी गाठ काढलेली, कानांत जड कुंडले, गळ्यात कंठे, मनगटांत कडी, कमरेखाली अंतरीय आणि त्यावर लोंबती टोके सोडलेला कायबंध. वरचे अंग बहुधा उघडेच. ग्रंथ एक सांगतो आणि दगड दुसरेच दाखवितो, असे येथे भासते. काहींस हा कालभेद वाटेल, आणि त्यात तथ्यही आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रांत प्रतिष्ठित पुरुषांच्या मस्तकी पागोट्याऐवजी मुकुट व मोकळे कुरळे केस दिसू लागतात. परंतु एवढ्याने विरोध मिटत नाही. शिल्पकाराला उटीचा वास कोरता येत नाही, ओठांवरील मेणाची चकाकी दाखविता येत नाही. ग्रंथकाराला, उलट, रोज नेसावयाचे वस्त्र सांगण्याची गरज भासत नाही. दोघांची साक्ष एकमेकांच्या विरुद्ध नसून अपुरी आहे, आणि दोन्ही जुळवूनच संध्याकाळी बाहेर पडणारा पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता द्रव्याचा प्रश्न. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकवृत्तात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची नोंद आहे. तीत मद्य आहे व इटलीचे मद्य विशेष पसंतीचे. पोवळी, शिलारस, मनशीळ व अंजन आहे. साधी व नकली अशा दोन्ही प्रकारची वस्त्रे आहेत. आणि हातभर रुंदीचे रंगीबेरंगी कमरपट्टे आहेत. राजासाठी रुप्याची पात्रे, गाणारी मुले, अंतःपुरासाठी सुंदर मुली, उंची मद्य, तलम वस्त्रे व उत्तम उटणी वेगळी येत. कमरपट्टे पुरुषांसाठीच होते असे वृत्तकार सांगत नाही. तरी कार्ल्याच्या शिल्पांतील पुरुषाचा कायबंध ज्याने पाहिला आहे, त्यास असा पट्टा कोठे खपला असेल याची कल्पना करणे कठीण जाऊ नये. शिलारस तर धूप व उटी या दोहोंत मुरणारा. नागरकाच्या प्रसाधनाचा काही भाग, याप्रमाणे, समुद्रापलीकडून येत होता.

हा माल जुन्नरास कोणत्या वाटेने पोहोचला हे मात्र एकाच उत्तराने सांगता येत नाही. कल्याणहून नाणेघाट चढून येणारी वाट सर्वांत जवळची. परंतु पेरिप्लसच्या काळी कल्याणचा व्यापार अडविला गेला होता. तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचास नेली जात. भडोचहून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर, म्हणजे तेर, पूर्वेस दहा दिवसांवर असल्याचे तोच वृत्तकार सांगतो. जुन्नर त्या काळात क्षहरातांच्या ताब्यात गेले होते. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा 46 व्या वर्षाचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. तेव्हा घाटाची वाट अडली त्या वर्षांतही उत्तरेकडील बाजारपेठ जुन्नरास राजकीय दृष्ट्या परकी नव्हती. मद्य तर देशावर बरेच आत पोचत होते. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजने नेवासे येथे केलेल्या उत्खननात भूमध्यसागरी मद्यकुंभांचे तुकडे मिळाले.

वेष सिद्ध करणाऱ्या हातांची नावे लेण्यांतील दानलेखांतच आढळतात. कल्याणच्या संघक नावाच्या सुवर्णकाराने जुन्नरास पाण्याची पोढी दिली. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्याच हेरणिकपुत्र सुलसदत्ताचे दान आहे. कांस्यकारांची श्रेणी येथील लेखात वेळुकारांच्या श्रेणीबरोबर उल्लेखिली आहे; नागरकाचा आरसा धातूचाच असावयाचा, व तो घासून चकचकीत करणारे कारागीर याच वर्गातील. सुगंधी द्रव्ये विकणारा गांधिक जुन्नरपासून फार दूर शोधावा लागत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकटच्या सिंहदत्त नामक गांधिकाने दिलेले आहे. यवनही आहेत. इरिलाने दोन पोढ्या, चिटाने भोजनमंडप आणि चंदाने गर्भद्वार दिले. केवळ 'यवन' या शब्दावरून जुन्नरच्या रस्त्यांत ग्रीक पेहराव हिंडविणे मात्र युक्त नाही, कारण दानपद्धती, भाषा व श्रद्धा या तिन्ही बाबतींत ही माणसे इथलीच झालेली दिसतात.

येथे एक चमत्कारिक योग आहे. बौद्ध श्रमणेराने पाळावयाच्या दहा शिक्षापदांत नृत्य, गीत, वाद्य व तमाशे पाहण्याचा त्याग सांगितला आहे, आणि लगेच पुढे माळा, गंध व विलेपन यांचा. विकालभोजन आणि मद्य यांचाही निषेध त्याच यादीत आहे. म्हणजे नागरकाची संध्याकाळ ज्या ज्या वस्तूंनी भरलेली, नेमक्या त्याच वस्तूंची ही यादी होय. लेण्याद्री जुन्नर गावापासून कुकडीच्या पलीकडे अवघ्या काही किलोमीटरांवर. सूर्यास्तानंतर वर डोंगरात ज्यांचा त्याग पाळला जाई, खाली नगरात त्यांचाच भोग चाले. आणि वरील कोठड्या खोदविण्याचा पैसा खालच्या उलाढालीतूनच आलेला. गंध विकणाऱ्याने गंध वर्ज्य करणाऱ्यांसाठी द्वार उभारावे, यात त्याला विसंगती वाटली नसावी. निषेधाची यादी वेषाच्या इतिहासाचे साधन म्हणून फारशी वापरली गेलेली नाही. ती वापरणे अगत्याचे आहे, कारण जे कोणी करीत नाही ते सहसा निषिद्ध ठरविले जात नाही.

नागरकवृत्ती ही फक्त जन्मजात श्रीमंतांची मिरासदारी होती, हा समजही ग्रंथावरून टिकत नाही. दान, विजय, व्यापार वा वेतन यांतून मिळविलेले धन तिला चालते. ज्याच्यापाशी धन नाही असा पीठमर्द केवळ एक आसन, फेनक आणि उटण्याचे द्रव्य एवढ्या सामग्रीनिशी, कलानिपुणतेच्या जोरावर गोष्ठीत वावरतो. खेड्यात राहणाऱ्याविषयी तर वात्स्यायनाने विशेष सांगितले आहे: त्याने आपल्या जातभाईंतील चतुर व हौशी माणसांना नागरकांच्या राहणीचे वर्णन ऐकवून गोडी लावावी आणि तिचे अनुकरण करावे. आंबेगाव तालुक्यातील घोड नदीचे खोरे आणि भीमाशंकराकडील डोंगरकपारी डोळ्यांपुढे आणल्या की या सूचनेस अर्थ येतो. जुन्नरच्या बाजारी धान्य घालून परतणारा कुणबी त्या काळीही केवळ मीठ घेऊन परतत नसावा. पागोट्याची नवी गाठ, कानामागे फूल खोवण्याची तऱ्हा, विड्यात काय घातले असता तोंड सुवासिक होते ही बातमी तो बरोबर नेत असणार. या गोष्टींना पैसा लागत नाही, नजर लागते.

याच जुन्नर तालुक्यातील नारायणगाव पुढे तमाशाच्या फडांचे केंद्र झाले. गावोगावचे पुढारी गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवू लागले, आणि यात्रेच्या रात्री कडक इस्त्रीची टोपी किंवा फेटा, कानात अत्तराचा फाया व तोंडात विडा असा रसिकाचा थाट या भागास परिचित झाला. कामसूत्रातील पाक्षिक समाजात बाहेरगावचे कुशीलव येऊन खेळ करीत, हे वाचताना त्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण सतरा-अठरा शतकांचे अंतर आठवणीने ओलांडता येत नाही. मधल्या काळात तंबाखू आली, शिवलेला अंगरखा आला, तांबूलाची घडीदेखील बदलली.

राहिला प्रश्न किमतीचा. नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. व्याज दरमहा शेकडा 1, म्हणजे वर्षाला 240; त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावयाचे. श्रमणाच्या वस्त्राचा हिशेब, याप्रमाणे, मुद्दल आणि व्याजासह भिंतीवर आहे, कारण ते वस्त्र दानाचे होते व दान अक्षय राहावे अशी दात्याची इच्छा होती. नागरकाचे उत्तरीय असल्याच कोष्ट्यांच्या मागावरून येत असे. त्याचे पैसे दुकानात मोजले गेले आणि व्यवहार तेथेच संपला.