उत्पन्नाची मर्यादा आणि मदतीचा उतार



विद्यार्थिदशेत फीमाफीच्या अर्जासोबत वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा लागे. एका वर्षी त्यांच्या पगारात किरकोळ वाढ झाली, आमचे घर मर्यादेच्या जरा वर सरकले आणि वाढीहून अधिक रक्कम फीपोटी गेली. मर्यादा कोठे आखावी याची चर्चा सारेच करतात. ती ओलांडल्यावर मदत एकदम तुटावी की हळूहळू उतरावी, हा प्रश्न मला तेव्हापासून अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. अमेरिकेच्या करकायद्यांचा इतिहास वाचताना तोच पुन्हा भेटला.

१९७५ च्या मार्चमध्ये, मंदीच्या दिवसांत, अध्यक्ष फोर्ड यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. मागील वर्षीच्या प्राप्तिकराचा दहावा हिस्सा, कमाल २०० डॉलर, परत मिळावयाचा होता. पण ज्याला करच लागला नाही, त्याला परत काय मिळणार? म्हणून त्याच कायद्याने मुले असलेल्या अल्पवेतन श्रमिकांना ४०० डॉलरपर्यंतची सवलत दिली. कर शून्य असला तरी ती रोख मिळे. चार हजारांपुढील प्रत्येक डॉलरमागे मात्र दहा सेंट कापले जात आणि आठ हजारांस ती संपे. २००८ च्या मदतीतही कर न लागणाऱ्यांस किमान ३,००० डॉलरचे पात्र उत्पन्न दाखवावे लागे.

२०२० मध्ये करोनाच्या संकटात ही तळाची अट गेली. एकट्या व्यक्तीस १,२०० डॉलर. ७५,००० डॉलरपुढील उत्पन्नावर शेकडा पाच कपात. ७८,००० मिळवणाऱ्यास १,०५० मिळाले. मार्च २०२१ मध्ये रक्कम १,४०० झाली. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात ती एक लाखापाशी संपत होती; सिनेटमधील तडजोडीत ती रेषा ८०,००० वर आली. आरंभ तोच, शेवट जवळ. साहजिकच कपात शेकडा अठ्ठावीस! त्याच माणसाच्या हाती आता ५६० डॉलर पडले. ही तडजोड गरजेपेक्षा मतांच्या हिशेबाने झाली, असे माझे मत आहे.

शिवाय उत्पन्न कोणत्या वर्षीचे? २०२० चे विवरणपत्र हाती असल्यास ते, नसल्यास २०१९ चे. दोन्ही वर्षी एकसारखाच, आधी ७५,००० आणि मग ८०,००० पगार घेणाऱ्या दोघा सहकाऱ्यांपैकी ज्याने विवरणपत्र तत्परतेने भरले, त्याला काहीच मिळाले नाही. ज्याने आळस केला त्याला पूर्ण १,४०० मिळाले, आणि ते परत करण्याचे बंधनही त्याच्यावर नव्हते.