प्रस्तावना : उशिरा दिसण्याचे शास्त्र

स्टेल्थ युद्धनौका म्हटले की रडारच्या पडद्यावरून गायब होणारी नौका डोळ्यांसमोर येते. १९९७ च्या 'टुमॉरो नेव्हर डाइज' या बाँडपटातल्या खलनायकाकडे तशीच एक होती. प्रत्यक्षात गायब कोणीच होत नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली 'आयएनएस निलगिरी' सुमारे १४९ मीटर लांबीची आहे. एवढे लोखंड समुद्रात दडवायचे कुठे? ती शत्रूला किती उशिरा दिसावी आणि दिसल्यावर काय म्हणून दिसावी, एवढेच आपल्या हातात असते. या विषयात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकाने इथूनच सुरुवात करावी.

रडारची लहर जाताना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते आणि परतताना पुन्हा तेवढीच. त्यामुळे हिशोब चौथ्या घाताचा होतो आणि तो फार निष्ठुर आहे. नौकेवरून परतणारा प्रतिध्वनी निम्म्यावर आणला, तरी ती दिसण्याचे अंतर जेमतेम सोळा टक्क्यांनी घटते. अंतर निम्मे करायचे तर प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर आणावा लागतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण नौकेवर झेपावणाऱ्या क्षेपणास्त्राच्या नाकातले रडार लहान असते. नौकेचा प्रतिध्वनी जितका बारीक, तितके हवेत उधळलेले धातुलेपित तंतू, म्हणजे चॅफ, त्याला अधिक खरे वाटते. माझ्या मते स्टेल्थचे खरे मोल या फसवणुकीत आहे. लपणे हा तिचा पूर्वार्ध.

प्रतिध्वनी मोठा होतो तो काटकोनांमुळे. कॅरमच्या दोन कडांवर लागोपाठ आपटलेला स्ट्रायकर आल्या दिशेलाच परत फिरतो. उभी भिंत आणि सपाट डेक मिळून रडारच्या लहरीचे तेच करतात. १९७२ साली दाखल झालेल्या पहिल्या 'निलगिरी'चे छायाचित्र पाहावे. उघड्या होड्या, कठडे, डोलकाठी, जागोजागी कोपरे. फ्रान्सने १९९० च्या दशकात 'लाफायेत' वर्गाच्या फ्रिगेटींवर भिंती सुमारे दहा अंशांनी कलत्या केल्या आणि होड्या पडद्याआड नेल्या. आपली २०१० ची 'शिवालिक' याच वाटेने गेली. गंमत अशी, की मच्छीमार बोटींवर नेमके असेच कोपरे असलेले परावर्तक मुद्दाम टांगतात, मोठ्या जहाजाने आपल्याला पाहावे म्हणून!

गणिताचा मोठा भाग प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाचा. कडांवरून लहरी कशा विखुरतात यावरचा त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये मॉस्कोत उघडपणे छापला गेला. पुढे त्याचा सर्वाधिक उपयोग केला अमेरिकेतल्या लॉकहीडच्या अभियंत्यांनी, आणि तोही आधी विमानासाठी.

पण रडार हे एकच प्रकरण. धुराड्यातून निघणारे तप्त वायू थंड हवेत मिसळून सोडावे लागतात, इंजिने धक्के शोषणाऱ्या बैठकीवर बसवावी लागतात, पोलादाचे चुंबकत्व तारांच्या वेटोळ्यांनी मारावे लागते. पाणबुडीला रडारशी काय देणेघेणे? ती ऐकते. पंख्याभोवती फुटणारे बुडबुडे तिला पुरतात. आणि हे सगळे साधले, तरी डेकवर कोणी एक शिडी उघडी ठेवली किंवा रडार उगाच चालू ठेवले, की कोट्यवधींची मेहनत पाण्यात. म्हणून या अभ्यासात भौतिकशास्त्राइतकेच खलाशाच्या शिस्तीलाही स्थान हवे, आणि नेमके तेच पुस्तकांतून वगळले जाते.

एक सूचना. कोणत्याही सेवारत नौकेचा प्रतिध्वनी नेमका किती, हे तिचे नौदल सांगत नाही; फिरणारे आकडे अंदाजाचे असतात. पुढील पानांत तसा आकडा आढळलाच, तर तो मुद्रणदोष समजावा.