‘मत्स्यविनोद’ ते ‘वेट फ्लाय’ : गळाच्या मासेमारीतील आनंदाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

मासेमारीचा इतिहास हा प्रामुख्याने उपजीविकेचा, करांचा आणि बाजारपेठेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. गळ टाकून पाण्याकाठी बसण्यात माणसाला जो आनंद मिळतो, त्याची दखल इतिहासलेखनाने क्वचितच घेतली. जिथे ती घेतली गेली, तिथे हा छंद इंग्रजांबरोबर भारतात आला असे गृहीत धरण्यात आले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली असून, छंद म्हणून मासेमारी करण्याच्या युरोपीय व दख्खनी परंपरांचा तौलनिक विचार केला आहे.

वेट फ्लाय : युरोपीय परंपरा

थंड, वाहत्या नदीतील ट्राउट हा मासा पाण्यातील किड्यांवर जगतो. गळाच्या काट्यावर रेशमी धागा, लोकर व पक्ष्याचे मऊ पीस गुंडाळून अशा किड्याचा आभास निर्माण करायचा आणि ही कृत्रिम माशी प्रवाहाबरोबर पाण्याखालून वाहू द्यायची, या पद्धतीस ‘वेट फ्लाय’ असे म्हणतात. माशी पाण्यावर तरंगत ठेवली की ती ‘ड्राय फ्लाय’ होते. पाण्याखालची माशी मच्छीमाराला दिसत नाही. दोरीचा किंचित ताण व पाण्यावरची बारीक हालचाल यांवरूनच त्याला मासा ओळखावा लागतो. या पद्धतीचा खरा आनंद न दिसणाऱ्याचा अंदाज घेण्यात आहे.

इ.स. २०० च्या सुमारास एलियन या लेखकाने मॅसेडोनियातील लोक काट्याला तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात, असे नोंदविले आहे. इंग्रजीत या विषयावरील प्रबंध १४९६ मध्ये छापला गेला. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन याने आपल्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ या ग्रंथात मासेमारीला चिंतनशील माणसाचा विरंगुळा ठरविले. पुढे १८५७ मध्ये डब्ल्यू. सी. स्टुअर्ट याने प्रवाहाच्या वरच्या दिशेने माशी टाकण्याचे तंत्र मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरंगत्या माशीचा पुरस्कार करणाऱ्यांनी जुनी पद्धत कमी प्रतीची मानली. १९१० मध्ये जी. ई. एम. स्क्यूज याने पाण्याखालच्या माशीची बाजू पुन्हा समर्थपणे मांडली. छंदाचेही शास्त्र होते आणि त्यात मतभेदांना वाव असतो, हे या वादावरून दिसते.

दख्खनमधील ‘मत्स्यविनोद’

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ (इ.स. ११२९) च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशतींच्या या ग्रंथातील चौथ्या विंशतीत राजाच्या विनोदांचे वर्णन असून त्यांत ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्रजीतील पहिल्या छापील प्रबंधापेक्षा ते साडेतीनशेहून अधिक वर्षांनी जुने आहे. १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

या प्रकरणात माशांचे समुद्रातील व नदीतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे वर्गीकरण आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून ठरावीक जागी येण्याची सवय लावावी, हे सांगितले आहे. काठी, दोरी व गळ यांचेही वर्णन आहे. पाककृतींचा विचार ग्रंथात अन्नभोगाच्या प्रकरणात येतो. म्हणजेच मासा खाणे हा उपभोग आणि मासा धरणे हा विनोद, असा भेद ग्रंथकाराने जाणीवपूर्वक केला आहे. आनंदाला स्वतंत्र प्रकरण देण्याची ही दृष्टी इंग्रजांकडून आलेली नाही, हे उघड आहे.

मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ दुसऱ्याच कारणाने परिचित आहे. त्यातील गीतविनोदात जुन्या मराठीच्या ओळी आढळतात आणि त्यांत मत्स्यरूप घेऊन वेद परत आणणाऱ्या नारायणाचे स्तवन आहे. मत्स्य हा एकाच ग्रंथात वंदनीयही आहे आणि गळाला लावण्याजोगाही आहे. त्या काळच्या दरबारी मनाला यात विसंगती वाटली नसावी.

सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या काळातील सीताबर्डी शिलालेख (शके १००८, इ.स. १०८७) पाहता विदर्भाचा या राजवटीशी संबंध स्पष्ट होतो. त्यामुळे वाशीम परिसराच्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ परका नाही.

दोन परंपरांतील भेद

सोमेश्वराचा राजा माशाला खाऊ घालून आपल्याजवळ आणतो. ट्राउटचा मच्छीमार माशाच्या नेहमीच्या अन्नाची नक्कल करून त्याच्याजवळ जातो. पहिल्या पद्धतीत साठवलेले धान्य, राखलेले पाणी आणि चाकरीची माणसे लागतात. दुसऱ्या पद्धतीत किडे, ऋतू व प्रवाह यांचे निरीक्षण लागते. निवांत वेळ मात्र दोन्हींना लागतो, आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.

वसाहतकालीन बदल

कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतील महाशीराचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या ‘खुद्री’ या जातिनामात स्थानिक मराठी नाव टिकून राहिले आहे. एच. एस. थॉमस यांच्या ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३) या ग्रंथाने महाशीराला सॅमनच्या तोडीचे स्थान दिले. तरीही ट्राउटची ओढ कमी झाली नाही. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि त्यानंतर निलगिरीतही ट्राउट रुजविण्यात आला. महाराष्ट्राच्या उष्ण नद्यांत तो टिकणे शक्य नव्हते. आज तपकिरी व इंद्रधनुषी या दोन्ही ट्राउटांचा समावेश जगातील शंभर घातक उपऱ्या जातींच्या यादीत होतो. छंदासाठी केलेल्या स्थलांतराची किंमत अनेक देशांतील स्थानिक माशांनी मोजली आहे. दख्खनचा खुद्री महाशीर कावेरीत सोडल्यावर तेथील मूळच्या महाशीरावर संकट आले, हेही विसरता येत नाही.

समारोप :

‘मत्स्यविनोद’ राजाने लिहिला. ‘वेट फ्लाय’चे ग्रंथ सवड असलेल्या वर्गाने लिहिले. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणाऱ्या भोई समाजाने मात्र ग्रंथ लिहिला नाही. मरळ कोणत्या महिन्यात काठाशी येते, गढूळ पाण्यात कोणते आमिष चालते, हे ज्ञान त्यांच्या बोलण्यात आहे. पोटासाठी गळ टाकणाऱ्यालाही दोरी ताणली की आनंद होतो. फरक इतकाच की त्याचा आनंद ‘विनोद’ म्हणून नोंदविला गेला नाही.

मालेगावसारख्या तालुक्यात ट्राउट नाही, परंतु तलाव, ओढे आणि गळ टाकणारी माणसे आहेत. माशांची स्थानिक नावे, आमिषे व ऋतुज्ञान यांची मौखिक साधने महाविद्यालयांच्या इतिहास व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे संकलित करावीत. बोलणारी पिढी गेल्यावर हे साधन कोणत्याही दप्तरखान्यात सापडणार नाही, आणि मग आनंदाच्या इतिहासात केवळ राजे आणि साहेबच उरतील.