तळटीप १४ : रनाळ्याचा हिवाळा

१४. रनाळे : नंदुरबार तालुक्यातील गाव, १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यात. अक्षांश सुमारे २१° उत्तर, कोल्हापूरचा १६.७°. त्यामुळे डिसेंबरअखेरीस इथला दिवस कोल्हापूरपेक्षा पाव तासाहून अधिक लहान, दुपारचा सूर्यही जास्त कललेला. त्यात उत्तरेचे कोरडे वारे. सातपुड्यात डाबला कधीकधी गवतावरचे दवही गोठते. उन्हाळ्यात मात्र उलट. कोल्हापूरच्या माथ्यावर सूर्य मेच्या आरंभी येतो आणि वळीव लवकर गारवा देतो. रनाळ्यात सूर्य माथ्यावर येतो मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाआधीच्या निरभ्र आकाशात. समुद्र लांब, तापीचे खोरे सखल. लेखक कोल्हापूरकडचे, ‘एकाच गावात दोन मुलूख’ ही त्यांची तक्रार तेव्हा अतिशयोक्ती समजू नये. — संपा.